चाळीसगावच्या टांगेवाल्यांनी बॅरिस्टर आंबेडकरांना न्यायला नकार दिला, तेव्हा काय झालं होतं?

जून २०१८ मधली गोष्ट. जळगाव जिल्ह्यातल्या जामनेर तालुक्यात वाकडी नावाचं गाव आहे. उन्हाळा सरत आला होता आणि गावातली काही पोरं विहिरीत पोहायला उतरली. विहीर दुसऱ्याची, पोरं मातंग समाजातली. त्यातल्या दोन अल्पवयीन मुलांना विवस्त्र करून मारलं गेलं आणि त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढला गेला. तो व्हिडिओ फिरत फिरत राज्यभर गेला आणि जामनेरचं नाव देशभरच्या बातम्यांत आलं. गुन्हा दाखल झाला, अटक झाली, नेत्यांच्या गाड्या वाकडीत येऊन गेल्या.

तेव्हा सोशल मीडियावर एक वाक्य खूप जणांनी लिहिलं होतं, की आजच्या काळात असं कसं होऊ शकतं?

याचं उत्तर शोधायचं तर जामनेरपासून साधारण शंभर किलोमीटरवर असलेल्या चाळीसगाव स्टेशनवर जावं लागतं, तेही ८९ वर्षं मागे. त्या काळी जामनेरहून छोटी पीजे गाडी पाचोऱ्याला जायची आणि पाचोऱ्याहून मुख्य लाइनवर चाळीसगाव लागायचं. तिथून एक फाटा धुळ्याला जातो. त्या स्टेशनवर ऑक्टोबर १९२९ मध्ये एक माणूस टांग्याची वाट बघत तासभर उभा होता. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला, लंडनची डी.एस्सी. मिळवलेला, बॅरिस्टर आणि मुंबई विधिमंडळाचा सदस्य. शिवाय ज्या सरकारी समितीच्या कामासाठी तो खानदेशात आला होता, त्या समितीचाही सदस्य.

नाव, भीमराव रामजी आंबेडकर.

आधी एक बैलगाडी

टांग्याची गोष्ट समजायला त्याआधीची एक बैलगाडी माहीत पाहिजे.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूच्या लष्करी छावणीतला. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. त्यांच्या पिढीपर्यंत महार माणसाला फौजेत जागा होती. पण १८९० च्या दशकात इंग्रज सरकारने लढाऊ आणि बिगरलढाऊ जाती असा हिशेब मांडला आणि महारांची भरती बंद करून टाकली. म्हणजे जातीवरून दार बंद करण्याचं काम फक्त गावच करत होतं असं नाही. सरकारही करत होतं, आणि तेही कागदावर.

पुढे कुटुंब साताऱ्याला आलं. शाळेत भीमरावांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागे. ते गोणपाट शाळेतला झाडूवाला शिवत नसे, म्हणून रोज घरी न्यायचं आणि रोज परत आणायचं. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई जागेवर नसला तर दिवसभर कोरडं. आता ही शाळा कोणा सावकाराची नव्हती, सरकारी पैशावर चालणारी होती.

१९०१ साली वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला होते. दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता, तिथे ते खजिनदार होते. सुट्टीत मुलांना त्यांनी तिकडे बोलावलं. भीमराव, त्यांचे भाऊ आणि मोठ्या बहिणीची दोन मुलं अशी चौघं नवे कपडे घालून आगगाडीत बसली आणि मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कोणी आलंच नव्हतं, कारण पोरं येत असल्याचं पत्र आलेलं वडिलांना सांगायचं शिपाई विसरला होता.

स्टेशनमास्तरने आधी आपुलकीने चौकशी केली. चांगल्या कपड्यातली पोरं बघून त्याला ती वरच्या जातीची वाटली असणार. महार आहोत असं कळल्यावर त्याचा चेहराच बदलला. बाहेर भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवान तयार होईना. दुप्पट भाडं देऊनही नाही. शेवटी तोड निघाली ती अशी, की गाडीवान भाडं दुप्पट घेणार, गाडी मात्र पोरांनीच हाकायची आणि तो बाजूने चालत येणार.

नऊ-दहा वर्षांच्या पोराने रात्रभर असा प्रवास केला. डब्यात जेवण भरपूर होतं, पण प्यायला पाणी मिळालं नाही म्हणून ते घशाखाली उतरलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आत मुलं गोरेगावला पोहोचली.

भाडं घेणार पण शेजारी बसणार नाही, हा हिशेब लक्षात ठेवा. तो चाळीसगावात पुन्हा भेटणार आहे.

न्यूयॉर्क, बडोदा आणि परत तेच

पुढचा भाग बहुतेकांना माहीत असतो, म्हणून थोडक्यात. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे ते कोणाही शेजारी बसू शकत होते, कुठेही पाणी पिऊ शकत होते.

गंमत बघा, त्याच काळात त्याच अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या माणसांसाठी वेगळे डबे, वेगळ्या शाळा, वेगळे नळ होते. १८९६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळं ठेवणं घटनेला धरून आहे असा निकाल दिला होता आणि तो पन्नासहून जास्त वर्षं टिकला. कोलंबिया विद्यापीठाला लागूनच हार्लेम आहे, काळ्या वस्तीसाठी जगभर ओळखला जाणारा भाग. अमेरिकेतल्या काळ्यांचा प्रश्न आणि अस्पृश्यांचा प्रश्न शेजारी ठेवून बघण्याची सवय आंबेडकरांच्या लिखाणात शेवटपर्यंत दिसते.

१९१७ मध्ये ते परत आले आणि बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू झाले. एवढ्या मोठ्या शहरात भाड्याने खोली मिळेना. नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत राहिले, पण अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले. सामान उचलून ते एका बागेत जाऊन बसले आणि त्या रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाले. ज्या राजाने त्यांना अमेरिकेला पाठवलं होतं, त्याच्याच राजधानीत त्यांना डोक्यावर छप्पर मिळालं नाही.

आपल्याकडे असा कायदा कुठे होता?

इथे थोडं थांबायला हवं, कारण या विषयावर बोलताना नेहमी एक मुद्दा येतो. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद सरकारने कायद्याने लादला. १९४८ मध्ये नॅशनल पार्टी सत्तेत आली, १९५० च्या कायद्याने प्रत्येक माणसाचा वंश सरकारी नोंदवहीत लिहिला गेला आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने कोणी कुठे राहायचं तेही ठरवलं गेलं. १९५३ मध्ये बाकं, समुद्रकिनारे, बसगाड्या वेगळ्या झाल्या. भारतात असं काही नव्हतं, इथे फक्त रूढी होती, असं म्हटलं जातं.

अर्धंच खरं आहे हे.

महारवतनाचं उदाहरण घ्या. १८७४ चा मुंबई इलाख्याचा वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा होता. त्यानुसार महाराने पिढ्यानपिढ्या गावचं आणि सरकारचं काम करायचं. टपाल पोहोचवायचं, साहेबाच्या पुढे धावायचं, मेलेलं जनावर ओढायचं. दिवस-रात्र ठरलेली नाही, आणि घरचा कर्ता आजारी असेल तर त्याच्या जागी घरातल्या दुसऱ्याने जायचं. बदल्यात जमिनीचा तुकडा आणि गावकऱ्यांकडून बलुतं. जातीने काम ठरायचं आणि ते काम कायद्याने करून घेतलं जायचं. हा कायदा दुरुस्त करण्याचं विधेयक आंबेडकरांनी १९२८ मध्ये विधिमंडळात मांडलं, पण ते मंजूर झालं नाही. ही वतनं शेवटी गेली ती १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या निधनानंतर.

महाडचं उदाहरण याहून बोलकं आहे. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला, की सरकारी पैशावर चालणाऱ्या पाणवठ्यांवर आणि शाळांत अस्पृश्यांना मज्जाव नको. महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळं खुलं केलं. २० मार्च १९२७ ला आंबेडकर आणि हजारो लोक त्या तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. त्यानंतर मारहाण झाली, पुढे नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि डिसेंबरमध्ये दिवाणी न्यायालयाने आंबेडकरांना आणि त्यांच्या लोकांना तळ्यावर जायला तात्पुरती मनाई केली. पाणी पिऊ नये असा कायदा कुठेही लिहिलेला नव्हता. तरी न्यायालयाचा मनाई हुकूम होता आणि त्यामागे पोलीस होते. मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला तो मार्च १९३७ मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी.

आणि जन्मावरून माणसाला वेगळं ठेवणारा सरळ सरळ कायदा हवाच असेल, तर तोही होता. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. त्यात जमातच्या जमात जन्मजात गुन्हेगार ठरवली गेली. पोलिसांकडे नोंद, ठरलेल्या वेळी हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. मुंबई इलाख्यात अशा लोकांच्या वसाहती होत्या. सोलापूरच्या सेटलमेंटचं तारेचं कुंपण आजही तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात येतं. हा कायदा देशभरातून रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला.

खानदेशचा दौरा

आता १९२९ कडे येऊ. आदल्या वर्षी मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करायला एक समिती नेमली होती. अध्यक्ष होते ओ. एच. बी. स्टार्ट. हे तेच आयसीएस अधिकारी, ज्यांच्याकडे गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचं काम होतं! सदस्यांत आंबेडकर होते, अमृतलाल ठक्कर म्हणजे ठक्करबाप्पा होते, डॉ. पी. जी. सोळंकी होते. समितीने कामाची वाटणी केली आणि आंबेडकरांसह आणखी एका सदस्याकडे पूर्व आणि पश्चिम खानदेश हे दोन जिल्हे आले. १९०६ मध्ये खानदेशचे दोन भाग झाले होते. पूर्वेचं मुख्यालय जळगाव, पश्चिमेचं धुळे. जामनेर अर्थातच पूर्वेत.

काम संपल्यावर सहकारी कोणा साधूच्या दर्शनाला निघून गेले. आंबेडकर मुंबईची गाडी धरून निघाले आणि मध्येच चाळीसगावला उतरले. धुळे लाइनवरच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता, त्याची चौकशी करायची होती.

बहिष्कार म्हणजे नुसतं बोलणं बंद करणं नव्हे. या समितीने १९३० मध्ये जो अहवाल दिला त्यात बहिष्काराचं वर्णन आहे. दुकानदार मीठ-पीठ विकत नाही, शेतावर काम मिळत नाही, येण्याजाण्याची वाट बंद होते, विहीर बंद होते. कारणं काय, तर कोणी जमीन विकत घेतली, कोणी चांगले कपडे घातले, कोणी जानवं घातलं, कोणाच्या लग्नात नवरदेव घोड्यावरून रस्त्याने गेला. समितीच्या मते मारहाणीपेक्षाही हे हत्यार जास्त भयंकर होतं, कारण ते कायद्याच्या कचाट्यात सापडत नव्हतं.

सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवणारा महाराष्ट्राचा कायदा २०१६ चा आहे आणि तो लागू झाला जुलै २०१७ मध्ये. म्हणजे वाकडीच्या प्रकारापूर्वी जेमतेम वर्षभर.

टांगा

चाळीसगावचे लोक स्टेशनवर आले होते. साहेब, रात्री आमच्याकडे राहा, असा त्यांचा आग्रह होता. आंबेडकरांचा बेत थेट मुंबईला जायचा होता, पण लोकांचं मन मोडवेना. त्या गावी जाऊन, चौकशी करून ते पुढच्या गाडीने चाळीसगावला परतले. हारतुरे झाले.

स्टेशनपासून महारवाडा दोनेक मैलांवर, नदीच्या पलीकडे. चालत जाण्यासारखं अंतर. बाहेर टांगे रांगेने उभे. तरी कोणी हलेना. तास गेला. पाहुण्याला काही कळेना, कोणी सांगेनाही.

अखेर एक टांगा आला. आत फक्त आंबेडकर आणि हाकणारा. बाकीचे जवळच्या वाटेने पायी पुढे गेले. टांगा दोनशे पावलंही गेला नसेल, तोच समोरून येणाऱ्या मोटारीवर आदळता आदळता राहिला. पोलीस ओरडला, मोटारवाल्याने गाडी मागे घेतली म्हणून निभावलं. रोज टांगा हाकणारा माणूस इतका कच्चा कसा, याचं आंबेडकरांना आश्चर्य वाटलं.

पुढे नदीवर दगडी फरशीचा पूल होता. कठडा नाही, कडेला अंतरा-अंतरावर नुसते दगड रोवलेले. रस्त्यावरून पुलावर चढताना काटकोनात वळावं लागे. त्या वळणावर, पहिल्याच दगडापाशी घोडा बिथरला आणि उधळला. चाक दगडावर इतक्या जोरात आपटलं की आंबेडकर उडून फरशीवर पडले. घोडा आणि टांगा खाली नदीत गेले. आंबेडकर बेशुद्ध होते. महारवाडा पलीकडच्या काठालाच होता. स्वागताला जमलेल्या बाया-माणसांनी रडत-ओरडत त्यांना उचलून नेलं. पायाचं हाड मोडलं होतं आणि पुढचे बरेच दिवस ते जागेवरच होते.

खरी गोष्ट त्यांना नंतर कळली. अस्पृश्य माणसाला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. आणि आपला बॅरिस्टर साहेब पायी येणार, हे वस्तीतल्या लोकांना सहन होत नव्हतं. म्हणून तोड निघाली. टांगेवाला भाडं घेणार आणि टांगा देणार, हाकायला माणूस मात्र तुमचा. वस्तीत टांगा हाकणारा कोणीच नव्हता, कारण तो त्यांचा धंदाच नव्हता. एकाने हिंमत करून लगाम धरला आणि पुलाशी येईपर्यंत घाबरून त्याचं अवसान गळालं.

मसूरचा गाडीवान आणि चाळीसगावचा टांगेवाला यांच्यात अठ्ठावीस वर्षांचं अंतर आहे. मधल्या काळात त्या प्रवाशाने तीन देशांतल्या पदव्या घेतल्या होत्या. सौदा मात्र तोच राहिला.

लगाम धरणाऱ्या माणसाबद्दल आणि वस्तीतल्या लोकांबद्दल त्यांनी नंतर लिहिलं त्यात राग फारसा नाही. आपला मान राखण्याच्या नादात लोकांनी आपला जीव धोक्यात घातला, एवढी नोंद आहे. त्यांना जास्त खुपलं ते दुसरं. हातावर पोट असलेला टांगेवालाही जन्माच्या जोरावर स्वतःला बॅरिस्टरपेक्षा वरचा समजू शकतो. हा प्रसंग त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींच्या टिपणात लिहून ठेवला. त्यांच्या हयातीत ते छापलं गेलं नाही. ते १९९० मध्ये पुस्तिकेच्या रूपात आलं आणि आज कोलंबिया विद्यापीठात शिकवलं जातं.

त्यानंतर

समितीचा अहवाल मार्च १९३० मध्ये आला. शिष्यवृत्त्या, वसतिगृहं अशा शिफारशी होत्याच, पण एक गोष्ट फार पुढे गेली. मागास लोकांचे तीन गट करावेत असं समितीने सुचवलं. अस्पृश्य वर्ग, आदिवासी व डोंगरी जमाती, आणि इतर मागास वर्ग. आज जातीच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत रांग लागते, त्या रांगेतल्या याद्यांचं एक मूळ या अहवालात आहे.

१९३५ मध्ये खानदेशाला लागूनच असलेल्या येवल्यात आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. १९३७ मध्ये वकिलीच्या कामासाठी ते धुळ्याला आले, तेव्हा लळिंग किल्ल्याजवळच्या लांडोर बंगल्यात थांबले होते. ३१ जुलैला तिथे आजही खानदेशभरातून लोक येतात.

१९४६ मध्ये भारताने दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. त्याच वर्षी आंबेडकरांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून एक गोष्ट मागवली होती. तिथल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज केला होता, त्याच्या प्रती. अस्पृश्यांचा प्रश्नही तिथे नेता येईल का, याचा ते विचार करत होते. ड्युबॉइस यांनी लगेच उत्तर दिलं आणि आपण तुमचं काम जाणतो असं कळवलं.

ते पाऊल उचलायची वेळ आली नाही, कारण वर्षभरात आंबेडकर स्वतःच देशाचे कायदामंत्री आणि राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. अस्पृश्यता नष्ट करणारं कलम, आजचं कलम १७, संविधान सभेने २९ नोव्हेंबर १९४८ ला स्वीकारलं. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिका बरोबर उलट्या दिशेने निघाली होती. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचं निधन झालं, तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत बसमधल्या वेगळ्या जागांविरुद्धचा मॉन्टगोमेरीचा बहिष्कार संपायला दोन आठवडे उरले होते.

आणि वाकडी? त्या प्रकरणात अ‍ॅट्रॉसिटी आणि पोक्सो हे दोन्ही कायदे लागले. १९२९ मध्ये यातला एकही नव्हता. ज्यांच्यावर आरोप झाला ते भटक्या जमातींच्या यादीतल्या समाजातले असल्याचं तेव्हाच्या बातम्यांत आलं. म्हणजे फार वरच्या पायरीवरचे कोणी नव्हे. चाळीसगावचा टांगेवाला तरी कुठे होता? त्या वेळी खूप जणांनी आणखी एक मुद्दा मांडला होता, की विहीर खासगी मालकीची होती, मग मुलं तिथे गेलीच कशाला? महाडच्या खटल्यातही वादींचं म्हणणं हेच होतं, की तळं स्पृश्यांच्या मालकीचं आहे. तो दावा खोडून काढायला आंबेडकरांना दहा वर्षं कोर्टात जावं लागलं होतं.